सावडीचा बैल

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती. आमच्या गावाला त्याचा फायदा एवढाच, की उस्मानाबादेला घालायचे हेलपाटे आता लातूरला घालायचे. माझा नवरा शरणप्पा मात्र जिल्ह्याच्या नावानं असा फुशारायचा, जणू त्यालाच विचारून जिल्हा केला होता. त्याला मी मालक म्हणते, आमच्याकडं तशी रीत आहे. गाव औशापासून सात मैलांवर, आणि त्या सात मैलांत सावलीला बसावं असं झाड नाही.

आमची जमीन अकरा एकर. पाच काळी, बाकीचा नुसता माळ, कुळव घातला की दगड वर काढणारा. पण माझ्या सासऱ्यांनी, सिद्रामप्पांनी, त्या एवढ्याशा तुकड्यात सगळं बसवलं होतं. ज्वारीत तूर, बांधाला अंबाडी, माळावर मूग-मटकी, मागनं करडई. दावणीला एक बैल आणि एक म्हैस. एकानं दगा दिला तर दुसरं हात देईल, असा त्यांचा विचार. आम्ही लिंगायत, त्यामुळं कोंबड्या-शेळ्या आमच्याकडं नव्हत्या. अंगणात कोंबडी फिरली असती तर सासूनं घर सोडलं असतं. त्या होत्या बांधापलीकडच्या पंढरीकडं, आणि त्याच्या शेळ्यांचं लेंडीखत आमच्या काळ्या रानात पडायचं.

एकच बैल म्हटल्यावर शहरातल्या माणसाला वाटेल, लिहिण्यात चूक झाली. चूक नाही. लहान शेताला जोडी पोसवत नाही. म्हणून दोन घरं एकेक बैल पाळतात आणि नांगरटीला, पेरणीला दोन्ही एका जुवाखाली आणतात. याला सावड म्हणतात. आमची सावड पंढरीशी होती. त्याच्या बापाशी माझ्या सासऱ्यांची होती. पंढरीचं रान सहा एकर, घर बौद्धवाड्यात. आमचा बैल शेवऱ्या, अंगावर काळे ठिपके असलेला. त्याचा वानेऱ्या, अर्धं तोंड काळं. दोन्ही देवणी जातीचे, दोन्ही एका वयाचे. नऊ वर्षं एकत्र चाललेले. शेवऱ्याला दुसऱ्या कुठल्या बैलासोबत जुंपलं तर तो चक्क खाली बसायचा.

माझी सासू जिवंत होती तोवर पंढरीच्या बायकोला, चांगुणाला, पाणी वरून ओतलं जायचं. बैलांना मात्र गव्हाण एकच. हे मला तेव्हाही खटकायचं, पण खटकून मी काय केलं, तर काहीच नाही. सासू गेल्यावर मी चांगुणाला तांब्या हातात देऊ लागले, आणि आपण फार मोठं काम केलं असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

सावडीत एक रीत होती. दुसऱ्याचा बैल आपल्या दावणीला असला की वैरण आधी त्याला, मग आपल्याला. पाहुण्याला आधी वाढतो तसं. सासऱ्यांनी सांगितलेलं, आणि चांगुणाही तिच्या दारात तेच करायची. नऊ वर्षांत मी हे कधी मनात आणून केलं नाही. हात आपोआप आधी वानेऱ्याकडं जायचा.

त्या साली मिरगात पाऊस बरा झाला, पेरण्या उरकल्या, आणि मग आभाळानं पाठ फिरवली. ज्वारी गुडघ्याला आली आणि तिथंच वाळली. मुगाच्या शेंगांत दाणा नाही. ऑगस्ट सरता सरता आम्ही ती ज्वारी कापून वैरणीला घेतली. म्हैस औशाच्या बाजारात गेली. जाताना तिनं मागं वळून बघितलं वगैरे काही नाही, तिच्यात तेवढं बळच नव्हतं. पंढरीच्या शेळ्या एकेक करून गेल्या. सरकारनं जनावरांची छावणी उघडली, पण ती चार कोसांवर, आणि जनावरामागं घरचं एक माणूस तिथं अडकणार. लोक बैल विकू लागले. कोण घेत होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

एके दिवशी मालक आणि पंढरी आमच्या ओट्यावर बसून बोलले. ठरलं ते असं, की कुणीही आपला बैल विकायचा नाही आणि दोन्ही घरची वैरण एकत्र करायची. पंधरा दिवस बैल आमच्या दावणीला, पंधरा दिवस त्यांच्या. जोडी तेवढी पुढच्या मिरगापर्यंत जगवायची. एक गेला तर दुसरा उभा असून मेल्यासारखाच, हे दोघांनाही कळत होतं. उठताना पंढरी म्हणाला, "आप्पा, आपुन अर्धपोटी ऱ्हाऊ. पर बैल नसला तर पेरायचं कशानं?"

सप्टेंबरच्या मध्यावर एकच सर येऊन गेली. पेरणीला निरुपयोगी. पण कापलेल्या ज्वारीच्या धसकटांना फुटवे आले. आठवड्यात वीतभर झाले, आणि त्या सगळ्या करड्या रानात तेवढंच हिरवं दिसायला लागलं.

आता कुणबिकी करणाऱ्या बाईला जे कळायला पाहिजे ते मला कळत होतं. पाण्याविना अडलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं. जनावर खातं आणि घटकाभरात पडतं. आमच्याकडं म्हणतात, किरळ लागली. सासूनं मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी बांधावर उभं करून दाखवलं होतं. पण सासू असंही म्हणायची की चांगला पाऊस पडून गेला तर किरळ धुऊन जाते. एका सरीला चांगला पाऊस म्हणायचं की नाही, हे ती सांगून गेली नव्हती.

त्या दिवशी मालक आणि पंढरी लातूरला गेले होते. तिथं कडबा मिळतोय अशी खबर आली होती. पाळी आमची होती, दोन्ही बैल माझ्या दावणीला. गंजी संपलेली. तीन दिवस मी त्यांना तुरीचं वाळकं काड आणि छपराचं उपसलेलं गवत घालत होते. शेवऱ्या भिंतीचा पोपडा चाटत होता. वानेऱ्यानं माझ्या पदराचं टोक तोंडात धरलं, ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. विळा घेतला आणि रानात गेले.

एक पेंढी कापली. कापताना मनात पाल चुकचुकली. म्हटलं, आठवडा झाला पावसाला, गेली असेल धुऊन. म्हटलं, थोडंच घालू. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कोण अडवणार?

गोठ्यात आले. रोज मी वानेऱ्यापुढं वैरण टाकते आणि तशीच पुढं सरकून शेवऱ्याला टाकते, मध्ये श्वासाचंही अंतर नसतं. त्या दिवशी मी अर्धी पेंढी वानेऱ्याला टाकली आणि उरलेली हातात घेऊन उभी राहिले.

खोटं कशाला बोलू. मी बघत उभी राहिले. शेवऱ्या दाव्याला हिसके देत होता, माझ्याकडं मान लांबवत होता. मी त्याला म्हणाले, थांब जरा.

अर्ध्या तासात वानेऱ्याच्या तोंडाला फेस आला. पाय फाकले, मान वाकडी झाली, आणि तो बसला. बसला तो कुशीवर गेला. हातातली पेंढी मी पहिल्यांदा कुठं टाकली असेल, तर उकिरड्यात, आणि वर शेणाची पाटी ओतली. मग ओरडले. माणसाचं मन संकटात आधी काय करतं ते मी त्या दिवशी बघितलं, आणि ते मन माझंच होतं.

चांगुणा रानातून धावत आली. आम्ही दोघींनी त्याला गुळाचं पाणी पाजलं, कुठूनसं ताक आणून पाजलं. जनावरांचा डॉक्टर छावणीवर गेलेला. निरोप घेऊन माणूस गेला तेवढ्यात वानेऱ्याचे डोळे थिजले. चांगुणा त्याच्या मानेवर हात ठेवून बसून राहिली. मग तिनं गव्हाणीत पडलेला एक हिरवा फुटवा उचलून बघितला. शेवऱ्याकडं बघितलं. तो उभा होता, कोरड्या तोंडानं.

"आक्का," ती म्हणाली, "शेवऱ्याला न्हाई घातलं?"

मी म्हणाले, घालणारच होते, तेवढ्यात हा पडला. तिनं मान हलवली.

दिवस कलता कलता मालक आणि पंढरी आले. डोक्यावर कडब्याच्या दोन-दोन पेंढ्या. तोवर अंगणात बौद्धवाड्यातली माणसं जमली होती, आमच्या आळीतलीही. पंढरी वानेऱ्यापाशी गेला आणि डोक्यावरचा कडबा तसाच ठेवून उभा राहिला, उतरवायचं त्याच्या ध्यानातच येईना. मालकानं तो उतरवला. तेव्हा पंढरीचा चुलता भीमा, म्हातारा माणूस, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "आमच्या बैलाला वैरण चाखायला ठेवलं व्हतं का काय?"

मालकाचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यानं सदऱ्यात हात घालून गळ्यातलं लिंग बाहेर काढलं आणि मुठीत धरलं. हा माणूस देवाधर्माचं फार करणारा नव्हे. पूजा करताना त्याला दहा वेळा जांभया यायच्या. पण आण त्यानं आयुष्यात कधी घेतली नव्हती.

"माझ्या बापापासून ह्या घरात सावडीच्या बैलाला आधी घालत्यात," तो म्हणाला. "माझ्या बायकोच्या ध्यानात किरळ आली न्हाई, ही चूक हाय. पर तिनं मनात ठेवून केलं आसंल, तर ह्या लिंगाची आण, माझा वंश बुडू दे."

आमचा एकुलता एक बसवंत तेव्हा लातूरला कॉलेजात शिकत होता. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी पदर तोंडाला लावला, आणि बायकांना वाटलं मी बैलासाठी रडते.

पंढरीनं पुढं होऊन मालकाची मूठ खाली केली. "आप्पा, ते आत ठिवा," तो म्हणाला. "मला आण लागत न्हाई."

मेलेलं जनावर ओढायचं काम पंढरीच्या माणसांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं होतं, आणि लिंगायताच्या हातचं ते काम नव्हतं. म्हणून मालक आणि पंढरी या दोघांनीच वानेऱ्याला दोर बांधून ओढत नेला. माळावर खड्डा खणला. जमीन दगडासारखी, पहारीनं ठिणग्या उडत होत्या. परत येताना ते काय बोलले ठाऊक नाही, पण घरी आल्यावर मालकानं मला सांगितलं की शेवऱ्या आता दोघांचा. अर्धा त्याचा, अर्धा आपला. पेरणीला कुणाचा तरी एकटा बैल बघू, शेवऱ्याला त्याच्यासोबत चालायला शिकवू. पंढरी कबूल झाला होता. माझ्यावरचा विश्वास म्हणून नव्हे, मालकाच्या शब्दावर.

गावात मात्र बोलणं थांबलं नाही. बौद्धवाड्यात मी गेले की बायका तोंड फिरवून कामाला लागायच्या. आमच्या आळीत उलटं. तिथं लोक माझी बाजू घ्यायचे, आणि ते मला जास्त झोंबायचं. शेजारची सिद्धम्मा एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली की बरं झालं बाई, आपला तरी वाचला. मी तिच्याकडं पुन्हा गेले नाही.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आम्ही रानात कडब्याची कोप, खोपटं, उभारतो, भज्जी-आंबील करतो, रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतो. त्या साली कडबाच नव्हता. तुरकाट्यांची कोप केली. पंढरी आला, जेवला. चांगुणा आली नाही. पंढरी म्हणाला, तिला कणकण आहे. मालकानं तिच्यासाठी भज्जी बांधून दिली आणि मला म्हणाला, बघ, पंढरी सोन्यासारखा माणूस. मी हो म्हणाले. मला मालकाच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. त्याची झोप शांत होती, त्याचं अन्न त्याला गोड लागत होतं, आणि हे सगळं मी केलेल्या एका गोष्टीवर उभं होतं जी त्याला ठाऊक नव्हती. बसवंताला साधा ताप आला तरी मी देवापुढं डोकं आपटायची.

फेब्रुवारीत रोजगार हमीचं काम निघालं. जिल्ह्याचा म्हणून रस्ता रुंद करायचा होता, त्याची खडी फोडायची. आमच्या आळीतल्या बायका आधी लाजल्या, मग चूल लाजेवर पेटत नाही हे कळल्यावर हातोडी घेऊन निघाल्या. मुकादमानं ढीग वाटून दिले. माझ्या शेजारचा ढीग चांगुणाचा. पाच महिन्यांत आम्ही एकमेकींशी चार शब्द बोललो नव्हतो. आता दिवसभर दोन हातांवर बसायचं आणि दगड फोडायचे.

आठवडा मी गप्प काढला. नवव्या दिवशी दुपारी भाकरी सोडली तेव्हा तिनं तिच्या फडक्यातली मिरची माझ्यापुढं सरकवली. बस, तेवढ्यानं माझा बांध फुटला. मी तिला सगळं सांगितलं. किरळ ठाऊक होती. शंका आली होती. तरी घातलं, आणि तुझ्या बैलाला घालून माझ्याला थांबवलं. उरलेली पेंढी उकिरड्यात पुरली. मालकाला यातलं काही ठाऊक नाही, त्याची आण त्याच्यापुरती खरी आहे. मी हात जोडले. मी रडत होते, आणि खरं सांगते, रडता रडता मला हलकं वाटत होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा धोंडा सरकला होता.

चांगुणा भाकरी हातात धरून ऐकत राहिली. माझं झाल्यावर तिनं भाकरी परत फडक्यात बांधली.

"मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "पर वाटणं येगळं. वाटलं तर मानूस म्हनतो, आपलंच मन काळं आसंल. मी रोज सोताला तसंच समजावत व्हते." मग ती म्हणाली, "आता तू सांगून मोकळी झालीस, नीलाबाई. मी काय करू? घरात बोलले तर माझा मानूस तुमच्या दाराला येनार न्हाई. गप ऱ्हायले तर तुझ्या नवऱ्याच्या खोट्या आनंला मीबी सामील."

नऊ वर्षांत तिनं मला नावानं हाक मारली नव्हती. मी म्हणाले, मला माफ कर. ती उठली, मुकादमाकडं गेली आणि आपला ढीग रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला मागून घेतला.

तिनं सांगितलं नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. पंढरी यायचा, अर्ध्या बैलाचा धनी म्हणून कुठूनकुठून ओंजळभर वैरण, उसाचं वाढं आणून घालायचा. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघायची, आणि तो माझ्याकडं बघून हसला की मनात म्हणायची, अजून नाही. चांगुणा माझ्यासाठी गप्प आहे असं काही मला वाटत नव्हतं. ती तिच्या सहा एकरांसाठी गप्प होती. तिला रोज तो घास गिळावा लागत होता, आणि तो मी तिच्या तोंडात घातला होता.

मालकानं धर्माबादकडच्या एका बाजारातून एकटा म्हातारा बैल आणला आणि महिनाभर शेवऱ्याला त्याच्या जुवाला सवय लावली. शेवऱ्या पहिले आठ दिवस खाली बसला. मग उभा राहिला, मग चालला. मालकाला केवढा आनंद झाला. म्हणाला, आधी पंढरीचं रान पेरायचं, मग आपलं. हे त्यानं मनाशी ठरवूनच ठेवलं होतं.

जूनमध्ये मिरगानं तोंड दाखवलं. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आल्या दिवशी मालक तिफण सजवून, दोन्ही बैल घेऊन पंढरीच्या रानात गेला. मी बियाण्याची ओटी बांधून मागं निघाले, पण बांधापर्यंतच गेले. पंढरी बांधाच्या आत उभा होता. रिकाम्या हातानं. चांगुणा लांब, रानाच्या पलीकडच्या टोकाला, पाठमोरी बसलेली.

तो मालकाशी फार बोलला नाही. बैल तुमचेच राहू द्या, एवढं म्हणाला. रान यंदा पडीक टाकतो, लातूरला नव्या कचेऱ्यांची बांधकामं निघालीत, तिकडं जातो. मालकानं विचारलं, काय झालं, कुणी काही बोललं का. पंढरीनं एकदा माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता. रस्त्यातल्या अनोळखी बाईकडं बघावं तसं बघितलं आणि नजर काढून घेतली.

मालकानं बैल वळवले आणि आमच्या रानात आणले, पण तिफण धरली नाही. धुऱ्यावर बसला. बराच वेळ ढेकूळ हातात कुस्करत राहिला.

"मी लिंगाची आण घेतली व्हती," तो म्हणाला. "सगळ्या गावापुढं. नऊ वर्सं त्यानं माझ्या शब्दावर इश्वास ठिवला, आन आता त्याला खरं वाटंना झालं. तुला काय वाटतं, का आसंल?"

शेवऱ्या आणि तो म्हातारा बैल जुवाखाली उभे होते. वापसा निघून चालला होता. मालक माझ्याकडं बघत होता, खरंच उत्तर हवं असल्यासारखा.

"काय की," मी म्हणाले, आणि तिफणीच्या चाड्यावर बियाण्याची मूठ धरली.